कंपनीचे पाप कोणाच्या खात्यावर?

एखाद्या रासायनिक कारखान्याने खाडीत विष सोडले, मासे मेले, माणसे आजारी पडली, तर ते पाप कोणाचे? प्रश्न सोपा वाटतो. पण उत्तर शोधू लागलो की तो हातातून निसटू लागतो. मालक म्हणतात, "रोजचे कामकाज आम्ही पाहत नाही." व्यवस्थापक म्हणतात, "खर्चाला वरून मंजुरी मिळाली नाही." रसायनतज्ज्ञ म्हणतो, "माझे काम तपासणी करून अहवाल देण्याचे." पाळीवरचा कामगार म्हणतो, "साहेबांनी सांगितले, मी व्हॉल्व्ह उघडला." भागधारकाला तर कारखाना कोणत्या गावी आहे हेही ठाऊक नसते. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडेफार तथ्य असते. सगळ्यांचे ऐकून घेतले की वाटू लागते, खाडी मेली खरी, पण तिला मारले कोणीच नाही. मग "कंपनीने केले" असे म्हणून आपण विषय संपवतो.

परंतु कंपनीला आत्मा नसतो. ती प्रायश्चित्त संस्कारासाठी धर्मगुरूंपुढे गुडघे टेकू शकत नाही. तिला पश्चात्ताप होत नाही, रात्री तिची झोप उडत नाही आणि मरणानंतर देवापुढे तिला हिशेब द्यायचा नसतो. मग तिच्या नावावर लिहिलेले पाप जाते कुठे? ते हवेत विरून जाते, की कोणाच्या तरी खात्यावर जमा होते? या रविवारी आपण ह्याच प्रश्नावर थोडे चिंतन करू या.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. तारापूर, डोंबिवली, अंबरनाथ, तळोजे, महाड, लोटे येथील औद्योगिक वसाहतींतून रासायनिक कारखाने उभे आहेत. त्यांच्या पगारावर अनेकांची घरे बांधून झाली, मुलांची शिक्षणे झाली. देवळात एकाच बाकावर कारखान्यात काम करणारा बसतो आणि त्याच्या शेजारी जाळे टाकून पोट भरणारा किंवा विहिरीच्या पाण्यावर वाडी शिंपणाराही बसतो. आपण जी औषधे घेतो, घराला जो रंग देतो, पिकाला जे खत घालतो, ते सारे कुठल्या ना कुठल्या रासायनिक कारखान्यातूनच येते. म्हणून "कारखानेच नकोत" असे म्हणून आपली सुटका होत नाही. कारखान्यात माणसाने माणूस म्हणून कसे वागावे, हा खरा प्रश्न आहे.

तो समजून घेण्यासाठी आपण जपानमधील एका गावाची हकिगत पाहू. ही हकिगत जुनी असली तरी न्यायालयांत साक्षीपुराव्यांनी तपासली गेलेली आहे. आज जगातील अनेक देश पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण ठेवण्याच्या ज्या करारात सामील आहेत, त्या कराराला ह्याच गावाचे नाव दिले आहे. ते गाव म्हणजे मिनामाता.

मिनामाता हे क्युशू बेटावरील समुद्रकाठचे छोटे गाव. कोळी लोकांची वस्ती. १९०८ साली तेथे चिस्सो कंपनीचा कारखाना आला आणि गावाचे रूप बदलले. नोकऱ्या आल्या, दुकाने आली, गावाची नगरपालिका कारखान्याच्या करावर चालू लागली. १९३२ पासून ह्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड नावाचे रसायन तयार होऊ लागले. पुढे प्लास्टिकसारख्या वस्तूंच्या निर्मितीत त्याला मोठी मागणी आली. ते बनवण्याच्या क्रियेत पारा वापरला जाई. त्या क्रियेत पाऱ्याचा थोडा भाग मिथाईल मर्क्युरी ह्या अत्यंत विषारी रूपात बदलत असे आणि सांडपाण्याबरोबर खाडीत जात असे.

समुद्र एवढा मोठा, त्यात चिमूटभर विष पडले तर काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. पण हे विष पाण्यात विरून नाहीसे होत नाही. सूक्ष्म जीव ते शोषून घेतात, त्यांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे खातात आणि प्रत्येक पायरीवर विषाचे प्रमाण वाढत जाते. शेवटी ते कोळ्याच्या ताटात येते. माणसाच्या शरीरात ते मेंदूवर घाव घालते.

आधी मासे पाण्यावर तरंगू लागले. मग मासळीवर जगणारी गावातली मांजरे वेड्यासारखी गोल गोल फिरू लागली, झटके येऊन मरू लागली. त्यानंतर माणसांची पाळी आली. हातपाय बधिर होणे, नजर आकुंचित होणे, बोलताना जीभ अडखळणे, अंगाला झटके येणे आणि अखेर मृत्यू. १९५६ सालच्या एप्रिलमध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला अशाच अवस्थेत रुग्णालयात आणले गेले. १ मे १९५६ रोजी मज्जासंस्थेच्या एका अज्ञात आजाराची साथ आल्याची नोंद सरकारी आरोग्य कार्यालयाकडे झाली. सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे, काही माता वरवर निरोगी दिसत होत्या, पण त्यांच्या पोटी जन्मलेली मुले आजन्म अपंग झाली. आईच्या शरीरातले विष गर्भाने आपल्याकडे ओढून घेतले होते. १९७१ साली छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांनी आपल्या अपंग मुलीला न्हाऊ घालणाऱ्या एका मातेचे छायाचित्र घेतले. ते पाहताना जगभरातील अनेकांना मृत येशूला मांडीवर घेतलेल्या पवित्र मरियेची आठवण झाली.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. ज्या डॉक्टरांनी १९५६ साली ह्या आजाराची खबर दिली, त्यांचे नाव हाजिमे होसोकावा. ते चिस्सो कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख होते, म्हणजे कंपनीचे पगारी नोकर होते. तरीही त्यांनी आजार लपवला नाही. १९५९ च्या जुलै महिन्यात कुमामोतो विद्यापीठातील संशोधकांनी पाऱ्यावर संशय व्यक्त केला. त्याच सुमारास डॉ. होसोकावा यांनी एक साधा प्रयोग सुरू केला. कारखान्याच्या सांडपाण्यात कालवलेले अन्न ते मांजरांना देऊ लागले. ऑक्टोबर महिन्यात ४०० क्रमांकाच्या मांजराला तोच आजार झाला. ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी त्याच्या अन्नात मिसळले होते. डॉक्टरांच्या हाती उत्तर आले होते. त्यांनी ते वरिष्ठांना सांगितले. हे प्रयोग पुढे करायचे नाहीत, निष्कर्ष बाहेर सांगायचा नाही, असा हुकूम झाला. डॉक्टर गप्प राहिले.

ह्या गप्प राहण्याची किंमत किती? कारखान्यातील ती प्रक्रिया १९६८ पर्यंत चालू राहिली. मांजर आजारी पडल्यापासून साडेआठ वर्षांहून अधिक काळ विष समुद्रात जात राहिले. त्या वर्षांत किती जणांनी ती मासळी खाल्ली, किती मातांच्या पोटी बाळे वाढली, ह्याचा हिशेब फक्त परमेश्वराजवळ आहे.

डॉ. होसोकावा दुष्ट नव्हते. ते कनवाळू वैद्य होते. पण ते अशा जागी उभे होते की, जे त्यांना ठाऊक होते ते बाहेर फार थोड्यांना ठाऊक होते. पाप करण्यासाठी दरवेळी हात उचलावा लागत नाही. कधी कधी तोंड मिटून घेतले तरी पुरते. प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातील श्रीमंत माणसाने दारातल्या लाजरसला मारहाण केली नव्हती, त्याची भाकरी हिसकावली नव्हती. त्याने त्याच्याकडे पाहिले नाही, एवढाच त्याचा अपराध. मिस्साच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांबरोबरच, जे करायला हवे होते ते न केल्याबद्दलही क्षमा मागतो. ही कबुली घरापुरती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपुरती नाही. कारखान्याच्या फाटकातून आत शिरतानाही ती आपल्याबरोबर असायला हवी.

कंपनीच्या वरिष्ठांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. १९५८ साली, मांजराच्या प्रयोगाच्या आधीच, सांडपाण्याचा मार्ग बदलून ते नदीच्या मुखाशी सोडण्यात आले. परिणाम असा झाला की, आजार नव्या वस्त्यांमध्ये पसरला. १९५९ च्या डिसेंबरमध्ये मोठा गाजावाजा करून सांडपाणी शुद्ध करणारे यंत्र बसवले गेले. उद्घाटनाच्या वेळी कंपनीच्या अध्यक्षांनी त्या यंत्रातून आलेले म्हणून दिलेले पाणी सर्वांदेखत प्यायले. लोक निर्धास्त झाले. परंतु ते यंत्र पारा काढून टाकण्यासाठी बनवलेले नव्हते आणि ज्या विभागातून विष येत होते, त्याचे सांडपाणी त्या वेळी त्या यंत्रातून जातही नव्हते. पिलाताने सर्वांसमोर पाण्याने हात धुतले होते. येथे पेलाभर पाणी पिऊन तेच साधले गेले. लोकांना दाखवण्यासाठी केलेली शुद्धता देवाच्या नजरेला फसवू शकत नाही. तपासणीचे अधिकारी येणार म्हणून त्या दिवसापुरते यंत्र चालू ठेवणे आणि ते गेल्यावर वीज वाचवण्यासाठी बंद करणे, हे जिथे कुठे घडत असेल, तिथे तोच पेला पुन्हा ओठाला लावला जातो.

आणि गावकरी? येथे आपण सर्वांनीच थांबून विचार करण्यासारखे आहे. १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये संतापलेले कोळी कारखान्यात घुसले, मोडतोड झाली. त्यानंतर नगराध्यक्ष, व्यापारी आणि गावातील अनेक संस्थांचे प्रतिनिधी प्रांताच्या राज्यपालांकडे गेले. सांडपाणी बंद करू नका, कारखाना बंद पडला तर गाव बुडेल, अशी त्यांची विनवणी होती. आजारी कुटुंबांना शेजारी टाळू लागले. त्यांचा आजार संसर्गजन्य आहे असे आधी म्हटले गेले आणि पुढे ते पैशासाठी ढोंग करतात असेही म्हटले गेले. ज्यांच्या ताटात विष पडले होते, तेच गावाचे वैरी ठरले. गावकरीही दुष्ट नव्हते. त्यांना आपली रोजीरोटी जाईल अशी भीती वाटत होती. पण भावाच्या ताटात काय पडले आहे हे पाहायचे नाही असे एकदा ठरवले की, काइनाने परमेश्वराला जो उलट प्रश्न विचारला, तोच प्रश्न आपल्याही तोंडी येतो. आणि हाबेलाचे रक्त जसे जमिनीतून परमेश्वराला हाक मारत होते, तशी मिनामाताच्या खाडीच्या तळाशी साचलेली गाळमातीही हाक मारत होती. पुढे तो गाळ उपसून, भराव घालून खाडीचा मोठा भाग बुजवावा लागला. हे काम १९७७ ते १९९० पर्यंत चालले.

मग हे पाप कोणाच्या खात्यावर? ह्या प्रश्नाचे उत्तर देणारे ख्रिस्तसभेचे एक महत्त्वाचे प्रबोधनपत्र आहे. सलोखा आणि प्रायश्चित्त ह्या विषयावर पोप दुसरे जॉन पॉल यांनी ते लिहिले. त्यात ते सामाजिक पापाविषयी बोलतात. त्यांच्या शिकवणीचा आशय असा: संस्था, व्यवस्था किंवा समाज हा स्वतः पाप-पुण्याचा कर्ता नसतो. ज्याला आपण सामाजिक पाप म्हणतो, ते अनेक व्यक्तींच्या वैयक्तिक पापांचा साठा असते. कोणी वाईट गोष्ट घडवून आणतो, कोणी तिचा फायदा घेतो, कोणी ती थांबवू शकत असूनही आळसाने, भीतीने किंवा मूकसंमतीने थांबवत नाही, तर कोणी "हे जग असेच चालायचे" असे म्हणून हात झटकतो. जबाबदारी शेवटी माणसांवरच येते.

ह्या पत्रावर तारीख आहे २ डिसेंबर १९८४. आगमनकाळाचा तो पहिला रविवार होता. त्याच रविवारच्या रात्री आपल्या देशात भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू सुटला. टाकीत सुमारे ४० टन मिथाईल आयसोसायनेट होते. ते थंड ठेवणारी यंत्रणा बंद करून ठेवली होती. सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. झोपेतली हजारो माणसे त्या वायूने मेली. यंत्रणा बंद ठेवण्याचा निर्णय कोणी तरी घेतला होता, कोणी तरी त्यावर सही केली होती, कोणी तरी तो रोज पाहत होता. ७ जून २०१० रोजी, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, भोपाळच्या न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. अमेरिकेतील मुख्य अधिकारी खटल्याला कधीच सामोरे गेले नाहीत. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलवायला २०२५ साल उजाडले. माणसांच्या न्यायालयात पाप वाटून वाटून इतके पातळ होऊ शकते की, शेवटी कोणाच्याच वाट्याला फारसे काही येत नाही. देवाच्या न्यायालयात तसे होत नाही. काम वाटता येते. विवेकबुद्धी वाटून घेता येत नाही. दहा जणांनी मिळून केलेले पाप प्रत्येकाच्या वाट्याला दहावा हिस्सा येऊन संपत नाही. प्रत्येक जण स्वतःच्या जाणिवेपुरता आणि स्वतःच्या सामर्थ्यापुरता पूर्ण उत्तरदायी असतो.

येथे कोणी रास्तपणे विचारील, "हे सारे ठीक आहे, पण गरीब कामगाराने काय करावे? तोंड उघडले तर नोकरी जाते. घरी म्हातारे आईवडील, मुलांची फी, घराचे हप्ते. मोठ्या साहेबांचे पाप त्याच्या माथी मारणे हा कुठला न्याय?" हा आक्षेप खरा आहे. तो झटकून टाकणारे धर्मोपदेश आपण देता कामा नयेत. ख्रिस्तसभेची शिकवणही तशी नाही. भीती, दडपण आणि अज्ञान ह्यांमुळे माणसाचा दोष कमी होतो, कधी नाहीसाही होतो, असे ती सांगते. ज्याला अधिक दिले आहे, त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, ही प्रभूची शिकवण आहे. ज्याच्या सहीने खर्च मंजूर होतो, तो आणि ज्याच्या हातात केवळ व्हॉल्व्ह आहे, तो, हे दोघे एका मापाने मोजले जाणार नाहीत. कंत्राटी कामगाराला टाकीत काय आहे हेच सांगितले नसेल, तर तो अपराधी नसून स्वतःच बळी आहे.

पण दोष कमी होणे वेगळे आणि प्रश्नच न पडणे वेगळे. म्हणून प्रत्येकाने स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात: मला काय ठाऊक आहे? आणि मला काय करता येण्यासारखे आहे? एकट्याने नोकरी पणाला लावणे प्रत्येकाला जमणार नाही. परंतु खोटा आकडा नोंदवहीत लिहिण्यास नकार देणे, धोका दिसल्यास तो लेखी कळवणे, चार सहकाऱ्यांना बरोबर घेऊन वरिष्ठांकडे जाणे, संघटनेच्या सभेत पगारवाढीबरोबर सांडपाण्याचाही विषय काढणे, ह्यांतले काही ना काही बहुतेकांना जमते. जो वरच्या खुर्चीवर बसला आहे, त्याचे कर्तव्य याहून मोठे आहे. खरे बोलणाऱ्या कामगाराला शिक्षा होणार नाही, अशी व्यवस्था त्याने निर्माण केली पाहिजे. खालच्या माणसाला शूरवीर व्हावे लागते, ह्यातच वरच्या माणसाचा दोष दिसून येतो.

"पण नक्की पुरावा कुठे आहे?" हा आणखी एक नेहमीचा बचाव. मिनामाताच्या वेळी कंपनी अनेक वर्षे हेच म्हणत राहिली. नीतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत एक उदाहरण असते. शिकाऱ्याला झुडपात काही तरी हललेले दिसते. ते हरीण असेल, कदाचित माणूसही असेल. शंका असताना त्याने गोळी झाडावी काय? उत्तर स्पष्ट आहे. माणूस नाही अशी खात्री होईपर्यंत बंदूक खाली ठेवावी. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने चिस्सो कंपनीला दोषी ठरवताना जवळपास हेच सांगितले. रासायनिक कारखान्याने सांडपाणी सोडण्यापूर्वी उत्तमोत्तम ज्ञान वापरून ते निर्धोक असल्याची खात्री करून घ्यावी आणि शंका येताच काम थांबवावे. मरणाऱ्याने आपल्या मरणाचा पुरावा गोळा करत फिरायचे आणि सोडणाऱ्याने तोवर सोडत राहायचे, हा न्याय नव्हे.

अखेरीस पश्चात्तापाविषयी. १९५९ च्या डिसेंबरअखेर कंपनीने पीडितांशी एक करार केला. मृतांसाठी ३ लाख येन आणि जिवंत राहिलेल्या प्रौढ रुग्णांसाठी वर्षाला १ लाख येन. ही नुकसानभरपाई नव्हती, तर सहानुभूतीची रक्कम होती. शिवाय त्यात अट घातली होती की, पुढे कारखान्याचे सांडपाणी दोषी ठरले तरी अधिक काही मागायचे नाही. दोन महिन्यांपूर्वीच ४०० क्रमांकाच्या मांजराने उत्तर दिले होते, हे गरीब कोळ्यांना ठाऊक नव्हते. १९७३ च्या निकालात न्यायालयाने हा करार नीतीला सोडून असल्याचे सांगून रद्दबातल ठरवला. जक्कयाचे वागणे ह्याच्या अगदी उलट होते. प्रभू येशू घरी येताच त्याने उभे राहून सांगितले की, ज्यांना मी लुबाडले त्यांना चौपट परत करीन. त्याने आधी सत्य कबूल केले आणि मग हात सैल सोडला. सत्य दडवून दिलेले पैसे हे दान नसते आणि भरपाईही नसते. कारखान्याने देवळाला, शाळेला किंवा उत्सवाला देणगी दिली म्हणून त्याच्या सांडपाण्याविषयी विचारायचे नाही, असा अलिखित करार आपणही कोणाशी करता कामा नये.

मिनामाताच्या हकिगतीत दोन प्रसंग असे आहेत की, ते आशा देतात. पहिला प्रसंग १९६८ च्या ऑगस्टमधला. चिस्सो कारखान्यातील एका कामगार संघटनेने ठराव केला. आपण कामगार म्हणून ह्या आजाराविरुद्ध काहीच केले नाही, याची आपल्याला लाज वाटते आणि यापुढे आपण पीडितांच्या बाजूने उभे राहू, असा त्याचा आशय होता. सरकारने कारखान्याचा दोष जाहीरपणे मान्य केला तो त्यानंतर, २६ सप्टेंबर १९६८ रोजी. ज्यांच्यावर सर्वांत कमी दोष होता, त्यांनी सर्वांत आधी मान खाली घातली. ह्या संघटनेतील कामगार पुढे स्वतःच्या कंपनीविरुद्ध न्यायालयात साक्ष द्यायलाही उभे राहिले.

दुसरा प्रसंग डॉ. होसोकावांचा. पीडितांनी १९६९ साली कंपनीवर दावा लावला तेव्हा डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांना कर्करोग झाला होता. ४ जुलै १९७० रोजी न्यायाधीश त्यांच्या रुग्णशय्येजवळ आले आणि तेथे त्यांनी ४०० क्रमांकाच्या मांजराविषयी सारे सांगितले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या साक्षीचा पीडितांना मोठा आधार झाला. ही साक्ष अकरा वर्षे उशिरा आली, हे खरे आहे. मधल्या काळात गेलेले जीव तिने परत आणले नाहीत. पण प्रभूला तीनदा नाकारणारा पेत्रही नंतर त्याच प्रभूचा साक्षीदार झाला. उशिरा सांगितलेल्या सत्यालाही देवाच्या राज्यात जागा आहे. मात्र ते वेळेवर सांगणे हे आपले कर्तव्य आहे, कारण उशिराची किंमत नेहमी दुसरेच कोणी तरी भरते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकातून पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला शिकवले. मिनामाताच्या खाडीचा आणि कोळ्यांच्या मुलांचा आक्रोश एकच होता. आपल्याकडील खाड्यांचा, विहिरींचा आणि तेथे राहणाऱ्यांचा आक्रोशही वेगळा नाही.

तेव्हा आपल्या धर्मग्रामात काय करता येईल? रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसावे. कामाच्या जागी विवेकबुद्धीला कुठे टोचते, हे त्यांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे. एकटा माणूस घाबरतो. चार जण मिळून मार्ग काढतात. खरे बोलल्यामुळे कोणाची नोकरी गेलीच, तर त्याच्या घरची चूल विझू न देणे हे संपूर्ण धर्मग्रामाचे काम आहे. आपण त्याला केवळ शाबासकी देऊन भागणार नाही. ज्यांचे पैसे भागांत गुंतलेले आहेत, त्यांनी लाभांश किती हे विचारताना तो कसा मिळाला हेही विचारावे. आणि प्रायश्चित्त संस्काराला जाण्यापूर्वी आत्मपरीक्षण करताना आपण सर्वांनी आणखी एक प्रश्न त्यात घालावा: माझ्या कामामुळे, माझ्या सहीमुळे किंवा माझ्या गप्प राहण्यामुळे कोणाच्या ताटात किंवा कोणाच्या घागरीत काय जात आहे?

ह्या प्रश्नाचे उत्तर कंपनी देणार नाही. ते तिच्यात काम करणाऱ्या, तिच्यावर जगणाऱ्या आणि तिच्याकडून लाभ घेणाऱ्या माणसांनाच द्यावे लागेल. ते आजच द्यावे, म्हणजे मृत्युशय्येपर्यंत वाट पाहावी लागणार नाही. सत्य ओळखण्याची बुद्धी आणि ते वेळेवर बोलण्याचे धैर्य पवित्र आत्मा आपल्याला देवो.